जुन्या लेथची वही

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात प्रथमच येणाऱ्या माणसाला तेथील माणसांच्या आधी तेथील आवाज भेटतात. ओतशाळेतील भट्टीचा घोंगावणारा स्वर, ऐरणीवरचे घाव, कोठेतरी नुकत्याच चालू झालेल्या तेल-इंजिनाचा ठेका, आणि या सर्वांच्या बुडाशी अखंड चाललेली लेथची घरघर. उसाचे चरक, पाण्याचे पंप, इंजिनांचे सुटे भाग असा मोठा संसार तेथील लहान-लहान कारखान्यांनी वर्षानुवर्षे सांभाळला आहे. 1974 सालच्या पावसाळ्यात, वयाच्या सतराव्या वर्षी, मी अशाच एका कारखान्यात उमेदवार म्हणून दाखल झालो.

त्या कारखान्यात दोन लेथ होते. एक नवा, हिरव्या रंगाचा; त्यावर मालकांचा पुतण्या काम करी. दुसरा जुना. तो इंग्लंडात घडलेला होता आणि एका रेल्वे-कारखान्यात उभा जन्म काढून लिलावातून येथे आला होता. त्याच्या अंगावरचा रंग केव्हाच उडाला होता. हातांच्या स्पर्शाने गुळगुळीत झालेली त्याची चाके मात्र चांदीसारखी चकाकत असत. त्यावर काम करणाऱ्या वृद्ध कारागिराला सगळे नुसते ‘मिस्त्री’ म्हणत. मला त्यांच्या हाताखाली दिले, तेव्हा माझे मन खट्टू झाले. नव्या यंत्राजवळ उभे राहण्याचे स्वप्न घेऊन मी आलो होतो, आणि वाट्याला आले होते भंगाराच्या वाटेला लागलेले एक धूड.

लेथवर काय चालते हे ज्यांनी पाहिले नसेल, त्यांनी कुंभाराचे चाक डोळ्यांपुढे आणावे. तेथे माती फिरते आणि कुंभाराचा हात तिला आकार देतो. लेथवर लोखंडाची कांब आडवी फिरते आणि पोलादी धारेचे टूल तिच्या अंगाला लागून सरकत जाते. डावीकडे कांबेला पकडून फिरवणारे ‘चक’ असते. उजवीकडून तिला टोकाचा आधार देणारा ‘टेलस्टॉक’ असतो. या दोहोंच्या खाली दोन रुळांसारखा लांबलचक ‘बेड’ असतो, आणि त्या बेडवरून टूल वाहून नेणारी ‘कॅरेज’ डावी-उजवीकडे सरकते. बेड सरळ असेल तर टूल सरळ जाते, आणि टूल सरळ गेले तर कांब एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सारख्या जाडीची होते. 

सुतार आणि गवंडी इंचाच्या आठव्या भागाला एक सूत म्हणतात, आणि त्यांचे काम सुता-अर्ध्या सुताने भागते. लेथवर काम करणाऱ्याला इंचाचा हजारावा भाग मोजावा लागतो. त्याला कारखान्यात ‘थाऊ’ म्हणतात. वहीचा साधा कागद सुमारे चार थाऊ जाड असतो. त्याच्याही चौथ्या हिश्शाएवढी चूक झाली, तर एखादी पिन भोकात बसत नाही, किंवा बसली तर खुळखुळते.

पहिल्या दीड महिन्यात मिस्त्रींनी माझ्याकडून कीस झाडून घेतला, तेल घालून घेतले आणि टूलला धार लावून घेतली. मग एके दिवशी त्यांनी मला पंपाची एक पिन करायला दिली. मी मोठ्या हौसेने कामाला लागलो. टूल पुढे-मागे करणाऱ्या चाकावर शंभर घरे कोरलेली होती. एक घर म्हणजे टूलची एक थाऊ चाल. शेवटच्या वेळी माझा हात घसरला आणि चाक पाच घरे जास्त पुढे गेले. मी ते पाच घरे मागे घेतले, आकडा बरोबर जुळवला आणि यंत्र सुरू केले. पिन मोजली, तर ती दहा थाऊ बारीक झालेली! आकडा बरोबर होता आणि काम चुकले होते. रागाच्या भरात मी म्हणालो, “या यंत्रावर काम होणारच कसं? सगळं झिजून गेलंय. नुसतं फसवतंय.”

मिस्त्री रागावले नाहीत. त्यांनी पिन हातात घेतली, खिडकीच्या उजेडात धरली आणि ती फळीवर ठेवून विचारले, “तुला इथं येऊन किती दिवस झाले?”

“दीड महिना.”

“हे चाक उलटं फिरवून बघ. टूल कधी हलतंय ते मला सांग.”

मी चाक उलटे फिरवू लागलो. एक घर, दोन घरे, दहा घरे गेली, तरी टूल जागचे हलेना. अठरावे घर ओलांडल्यावर ते सरकू लागले. चाकाचा स्क्रू आणि त्याचा नट दोन्ही झिजून मध्ये पोकळी पडली होती. दिशा बदलली की ती पोकळी भरून येईपर्यंत चाक नुसतेच फिरे. माझे पाच घरे मागे येणे त्या पोकळीतच विरून गेले होते. टूल होते तेथेच राहिले होते.

“आता पुन्हा बघ,” मिस्त्री म्हणाले. पुन्हा अठरा. तिसऱ्यांदाही अठराच. तेव्हा ते शांतपणे म्हणाले, “काल अठरा, आज अठरा, दिवाळीतही अठरा. मग ह्यानं तुला फसवलं कुठं? जो रोज तेवढाच चुकतो, त्याच्यावर भरवसा ठेवता येतो, लेका. भ्यावं ते आज अठरा आणि उद्या चौदा चुकणाऱ्याला.”

उपायही त्यांनी लगेच दाखवला, आणि तो अगदी साधा होता. चाक जास्त पुढे गेले, तर ते पूर्ण एक फेरा मागे घ्यायचे आणि मग पुन्हा पुढे आणून आकड्यावर थांबायचे. नेहमी एकाच बाजूने आकड्यावर यायचे. पोकळी मग सदैव एकाच बाजूला राहते, आणि तेच झिजलेले चाक नव्या चाकाप्रमाणे बोलू लागते.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला शंभर पानांची एक वही आणून दिली. “हिच्यात यंत्राच्या खोड्या लिहायच्या. काम मागाहून. आधी यंत्र वाच,” असे ते म्हणाले. त्या वहीने माझे पुढचे दोन महिने घेतले. 

प्रथम मी बेडची परीक्षा केली. दोन टोकांच्या आधारावर, म्हणजे दोन ‘सेंटरां’च्या मध्ये, एक लांब कांब धरून तिच्यावरून हलक्या हाताने टूल फिरवले आणि दर तीन इंचांवर मायक्रोमीटरने जाडी मोजली. टेलस्टॉककडील टोकापासून मध्याच्याही पुढे जाडी सारखी होती. परंतु चकाजवळ येऊ लागले की शेवटच्या दहा इंचांत ती थोडी-थोडी वाढत जाई, आणि अगदी जवळ सात थाऊ अधिक भरे. मी तिसऱ्यांदा मोजले, तरी आकडे तेच आले. याचे कारण मिस्त्रींनी माझ्याकडूनच वदवून घेतले. कारखान्यातील बहुतेक कामे आखूड असतात. ती चकाजवळच होतात. म्हणून कॅरेजने आयुष्यभर त्याच दहा इंचांत येरझारा घातल्या होत्या. ओतीव भागांना चिकटून येणारी ओतशाळेची वाळू तेलात मिसळून तेथेच साचत होती आणि बेडची पुढची कड खरवडत होती. पुढची कड खाली गेली की कॅरेज पुढे झुकते, तिच्यावरचे टूल कांबेपासून किंचित दूर होते, आणि जे कमी कापले जाते ते जाड राहते. खेड्यातील पायवाट जशी विहिरीजवळ सर्वांत खोल झालेली असते, तसेच हे झाले होते.

याच वेळी मी आणखी एक गोष्ट शिकलो. ती मला शाळेतील भूमितीने आधीच सांगितली होती. पण तेव्हा मी तिच्याकडे लक्ष दिले नव्हते. टूल कांबेपासून आडवे दूर गेले, तर ती चूक कामात दुप्पट होऊन उमटते. कारण ती दोन्ही बाजूंनी धरली जाते. पण टूल तेवढेच सरळ खाली बसले, तर फारसे काहीच बिघडत नाही. पन्नास मिलिमीटर जाडीची कांब घ्या. टूल दशांश मिलिमीटर आडवे हलले, तर जाडीत 0.2 मिलिमीटरचा फरक पडतो. तेच टूल दशांश मिलिमीटर खाली गेले, तर नवी त्रिज्या म्हणजे 25 आणि 0.1 या भुजांच्या काटकोन त्रिकोणाचा कर्ण. तो मांडून पाहिला, तर जाडीतील फरक 0.0004 मिलिमीटर एवढाच येतो. पहिल्याचा पाचशेवा भाग! झीज तेवढीच, पण ती कोणत्या दिशेला आहे यावर तिचा उपद्रव अवलंबून. जुन्या यंत्राच्या सर्वच दोषांशी झगडत बसू नये, कोणता दोष कामात उतरतो तेवढे पाहावे, हे मला त्या त्रिकोणाने शिकवले.

वही भरत चालली, तसे माझ्या ध्यानात आले की खोड्या दोन प्रकारच्या आहेत. काही नियमित. चाकाची अठरा घरे, चकाजवळचे सात थाऊ, आणि पितळी बेअरिंगमधील तेल कोमट होऊन दांडा स्थिर होईपर्यंत सकाळी लागणारी पंधरा मिनिटे, या त्यांत आल्या. काही मात्र लहरी होत्या. एकदा तीन दिवस आकडे जुळेनात. कधी एक थाऊ अधिक, कधी दोन उणे. शोध घेता घेता आढळले, की स्लाइडला घट्ट धरून ठेवणाऱ्या पट्टीचा एक स्क्रू सैल झाला होता. दुसऱ्या वेळी टेलस्टॉकच्या बुडाखाली किसाचा एक कण अडकला होता. नियमित चूक वहीत लिहून ठेवायची आणि तिचा हिशेब करून काम करायचे. लहरी चूक मात्र लिहायची नाही, तिचा माग काढून ती नाहीशी करायची. रोज सकाळी चिंधीने बेड पुसणे, तेल घालणे आणि वापरात नसलेली स्लाइड आवळून ठेवणे ही मला आधी हमालीची कामे वाटत. लहरी चुकांना यंत्रात शिरू न देण्याचा तो पहारा होता, हे मला आता कळले.

एकदा जेवणाच्या सुट्टीत मिस्त्रींनी मला एक कोडे घातले. “ह्या यंत्राचा बेड सरळ करायला त्याहून सरळ यंत्र लागलं असेल. ते यंत्र करायला त्याहूनही सरळ. मग पहिलं सरळ यंत्र कुणी केलं, आणि कशावर?” मला उत्तर सुचले नाही. त्यांनीही ते सांगितले नाही. भाकरीचा शेवटचा तुकडा संपवून ते हात धुवायला गेले.

त्या वर्षी दिवाळी झाली, थंडी पडली आणि गुऱ्हाळे सुरू झाली. कोल्हापूरच्या परिसरात हे दिवस लग्नघाईचे असतात. शेताकडेला चुलवाणे पेटतात, काहिलीत रस उकळू लागतो आणि गोड वाफेचा वास रस्त्यापर्यंत येतो. एके दिवशी दिवेलागणीला एक शेतकरी बैलगाडी घेऊन कारखान्याच्या दारात आला. त्याच्या चरकाचा, म्हणजे ऊस पिळणाऱ्या घाण्याचा, मुख्य शाफ्ट दुपारी मोडला होता. दोन्ही तुकडे गाडीत होते. “मिस्त्री, तोडलेला ऊस खळ्यावर पडलाय,” तो म्हणाला. “चार गाड्या हाय. काय बी करा, पण उद्याच्याला घाणा फिरला पायजे.”

त्याची घाई खोटी नव्हती. तोडलेला ऊस वाट पाहत नाही. दिवस उलटतो तशी त्यातील साखर बिघडत जाते, आणि अशा रसाचा गूळ नीट बांधला जात नाही. ढेप मऊ पडते आणि बाजारात तिला भाव मिळत नाही. वर्षभराच्या कष्टाचे मोल त्या चार गाड्यांत होते.

नवा लेथ त्या आठवड्यात दुसऱ्या मोठ्या कामाला जुंपलेला होता. कारखान्यात शाफ्टजोगी कांब एकच शिल्लक होती, साडेतीन फूट लांबीची. आणि लोखंडाचे दुकान सकाळी दहाच्या आत उघडणार नव्हते. मिस्त्रींनी मोडक्या तुकड्यांची मापे घेतली, नव्या बुशांची भोके मोजली आणि सर्व आकडे खडूने पाटीवर मांडले. मग ते मला म्हणाले, “मी आबांच्या गाडीतनं पुढं जातो. रात्रीत घाणा खोलून बुश बसवतो. शाफ्ट तू कर आणि पहाटेच्या गाडीनं घेऊन ये.”

मी म्हणालो, “मिस्त्री, मी एकट्यानं? कांब एकच आहे.”

“एकटा कुठं? वही आहे की,” ते म्हणाले, आणि गाडीत चढून बसले.

गाडीचा खडखडाट दूर गेला, तेव्हा कारखान्यात मी, ते यंत्र आणि दोन दिवे एवढेच उरलो. शाफ्टच्या दोन्ही टोकांना सहा-सहा इंच लांबीच्या बैठका करायच्या होत्या. त्या बुशांत फिरणार होत्या. त्या भोकापेक्षा चार थाऊ बारीक हव्यात, म्हणजे मध्ये तेलाला जागा राहते. त्याहून जाड झाल्या तर शाफ्ट तापून अडकणार. फार बारीक झाल्या तर आपटून बुश खाणार. आणि सहा इंचांच्या लांबीत जाडी सगळीकडे सारखी हवी. चकाजवळच्या दहा इंचांत ते शक्य नव्हते, हे वही सांगत होती.

वही चाळता चाळता उपायही तेथेच सापडला. चकाजवळचा बेड वाईट होता, पण टेलस्टॉककडील बेडला सहसा कोणी शिवलेच नव्हते. तो जवळजवळ जन्मला तसाच होता. कांब दोन सेंटरांच्या मध्ये धरली, तर तिची अक्षरेषा दोन टोकांच्या खळग्यांनी ठरते. ती काढून उलटीपालटी करून पुन्हा बसवली, तरी अक्ष तोच राहतो. म्हणून उजवीकडची बैठक आधी करायची, मग कांब उलटी करून दुसरे टोक उजवीकडे आणायचे. दोन्ही बैठका यंत्राच्या चांगल्या भागावर होतील, आणि वाईट भागावरून फक्त शाफ्टचे असे अंग जाईल, जेथे सात थाऊंनी कोणाचे काही बिघडत नाही. मध्यावरची पिनियनची जागाही चांगल्या बेडवरच येत होती.

मी यंत्र पंधरा मिनिटे मोकळे फिरवले. बेड पुसला. टूलला नवी धार दिली आणि ती दगडावर तेल घालून गुळगुळीत केली. पहिली बैठक हळूहळू मापाला आली. शेवटी बारा थाऊ उरले, तेव्हा मिस्त्रींचा दुसरा नियम आठवला: शेवटचे दोन काप सारखे घ्यावेत. टूल आणि कांब दोन्ही कापण्याच्या दाबाने किंचित मागे सरतात, आणि जुन्या यंत्रात तर अधिकच. मोठा काप घेतला तर अधिक सरतात, लहान घेतला तर कमी. दोन काप सारखे घेतले, तर पहिला जसा वागला तसाच दुसरा वागतो. मी चाक एक फेरा मागे घेऊन पुन्हा पुढे आणले आणि सहा थाऊंचा काप घेतला. मोजले, सहा उरले होते. पुन्हा तेवढाच काप घेतला. बैठक पाटीवरच्या आकड्याला उतरली.

दुसऱ्या बाजूला मात्र माझी कसोटी लागली. कांब उलटी करून मी अर्धे काम केले असेल-नसेल, तोच टेलस्टॉककडून किंचाळल्यासारखा आवाज येऊ लागला आणि कापलेल्या अंगावर बारीक लाटा दिसू लागल्या. माझ्या तोंडचे पाणी पळाले. यंत्र थांबवून मी कांबेला हात लावला, तर ती चांगलीच ऊन लागली. मग उलगडा झाला. साडेतीन फूट पोलाद वीस अंशांनी तापले, तर ते सुमारे दहा थाऊंनी लांब होते. लांब व्हायला त्याला जागा नव्हती. दोन सेंटरांच्या चिमट्यात ते दाबले जाऊन वाकत होते. दोष यंत्राचा नव्हता. टेलस्टॉक सैल करून पुन्हा हलक्या हाताने टेकवायला मीच विसरलो होतो. मी तो सैल केला, सेंटरच्या टोकाला ग्रीस लावले आणि कांब थंड होईपर्यंत बसून राहिलो. तो अर्धा तास मला रात्रीएवढा लांब वाटला. पण गरम कांब मोजून उपयोग नव्हता. निवल्यावर तिची जाडी पुन्हा कमी भरली असती.

पहाटे चारच्या सुमारास दुसरी बैठकही मापाला आली. तिच्या आतल्या कडेला एक थाऊ अधिक भरत होता. तो मी बारीक कानसीने आणि नंतर तेलकट पॉलिश-कागदाने, घासत आणि मोजत, मोजत आणि घासत काढला. शाफ्ट पोत्यात गुंडाळून मी पहाटेच्या गाडीने निघालो, तेव्हा माझ्या हाताला कंप सुटला होता. थंडीमुळे की भीतीमुळे, हे सांगता येत नाही.

गुऱ्हाळावर मिस्त्री चरकाशेजारी पोते अंथरून बसले होते. त्यांनी काही न विचारता शाफ्ट हातात घेतला. दोन्ही बैठकांवरून अंगठा फिरवला. मग एक बुश चढवून पाहिला. तो तेलाच्या पातळ थरावरून कोठेही न अडता सरकत गेला. दुसराही तसाच गेला. माझ्याकडे न बघता ते म्हणाले, “तेल आण.” त्यांच्या तोंडून याहून मोठी शाबासकी मी पुढेही कधी ऐकली नाही. चावीची खाच त्यांनी तेथेच छिन्नीने कोरली, आणि उन्हे वर येता येता चरक फिरू लागला. आबांनी पहिल्या रसाचा तांब्या मिस्त्रींपुढे धरला. मिस्त्रींनी तो माझ्या हातात दिला.

पुढे मी एका औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत शिक्षक झालो, आणि वाचता वाचता मिस्त्रींच्या कोड्याचे उत्तर मला सापडले. एकोणिसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर लंडनमध्ये हेन्री मॉडस्ले याने अचूक स्क्रू कापणारा लेथ घडवला. त्याच्याच कारखान्यात काम शिकून गेलेल्या जोसेफ व्हिटवर्थ याने 1840 साली ग्लासगो येथील विद्वानांच्या सभेत संपूर्ण सपाट पृष्ठभाग तयार करण्याची रीत मांडली. तिला कोणतेही अचूक यंत्र लागत नव्हते. तीन ओबडधोबड लोखंडी पाट घ्यायचे. एकाला रंग लावून तो दुसऱ्यावर टेकवायचा. जेथे रंग उमटेल तो उंचवटा. तेवढाच हाताने खरवडायचा. असे पहिला-दुसरा, दुसरा-तिसरा, तिसरा-पहिला या क्रमाने पुन्हा पुन्हा करायचे. दोनच पाट घेतले, तर एक फुगीर आणि दुसरा खोलगट असूनही ते एकमेकांवर चपखल बसतील आणि आपण फसू. पण तिन्ही पाट प्रत्येक जोडीत चपखल बसायचे असतील, तर ते सपाट असल्यावाचून गत्यंतर नाही. पहिल्या सरळ यंत्राचा उगम या तीन वाकड्या पाटांत होता. एकाची चूक दुसऱ्याने दाखवली आणि माणसाच्या हाताने ती धीराने खरवडून काढली. याच व्हिटवर्थने 1851 सालच्या लंडनच्या महाप्रदर्शनात इंचाचा दशलक्षावा भाग दाखवणारे मापनयंत्र मांडले होते.

आज कारखान्यांत संगणकाने चालणारी यंत्रे आली आहेत. माझ्या विद्यार्थ्यांना वाटते, की त्यांत चूक नसतेच. मी त्यांना त्या यंत्रांच्या स्मृतीत दडलेला एक तक्ता दाखवतो. असे यंत्र बसवताना लेसर-किरणांनी त्याची चाल जागोजाग मोजतात. कोठे ते किती चुकते, दिशा बदलताना किती पोकळी पडते, हे आकडे त्या तक्त्यात भरतात, आणि मग यंत्र प्रत्येक पावलाला तेवढी दुरुस्ती करून चालते. तो तक्ता प्रथम पाहिला, तेव्हा मला हसू आले होते. ती मिस्त्रींची वहीच होती.

तो जुना लेथ आता नाही. मिस्त्री गेल्यानंतर काही वर्षांनी तो वजनावर विकला गेला. त्याच्या खोड्यांची वही मात्र माझ्या टेबलाच्या खणात आहे. नवा विद्यार्थी पहिल्या दिवशी यंत्रापुढे उभा राहतो आणि काय करू म्हणून विचारतो, तेव्हा मी त्याला कांब देत नाही. शंभर पानांची एक कोरी वही देतो.